चाकाखालचे दोन दाणे

१. गुणगुण

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. घाई नको. आधी खिडकी मांडा, खिडकीबाहेर धानाचे बांध. गाव गोंदियाला चिकटलेलं मुर्री. आता खोलीच्या मधोमध प्लायवूडचं एक लांबरुंद टेबल ठेवा. त्या टेबलावर रेल्वेचं अख्खं यार्ड आहे, पण इतकं लहान, की फलाटावरचा हमाल धानाच्या दाण्याहून जेमतेम उंच. एका कोपऱ्यात शेजारच्या नागरा गावचं मातीचं मंदिर, एका कोपऱ्यात काचेच्या तुकड्याचा तलाव. दोन रुळांमध्ये तुमच्या करंगळीचं नख मावेल एवढीच जागा. आणि त्या रुळांवर तळहातावर मावणारं एक निळं इंजिन.

दिसलं? आता कान द्या.

शनिवारी सकाळी बारा वर्षांच्या पुष्पांजलीने वीज सुरू केली आणि इंजिन हललं नाही. पण ते गप्पही बसलं नाही. आतून बारीक गुणगुण येऊ लागली, बंद डबीत माशी अडकल्यासारखी.

तिने झटकन वीज बंद केली. इंजिन उचलून त्याची वरची टोपी काढली, आत पाहिलं. इंजिनाचा कान गेला होता.

थांबा. हा कान म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. पुढचं सगळं कोडं त्यावरच आहे.

पूर्वीच्या खेळण्यांत रुळात वीज सोडली की रुळावरचं प्रत्येक इंजिन धावायचं. या टेबलावर तसं नव्हतं. इथे रुळात वीज सतत असायची आणि विजेबरोबर हुकूमही जायचे. वर्गात बाई हजेरी घेतात, तसे. 'नऊ नंबर, पुढे चल.' हुकूम सगळ्यांपर्यंत पोचतो, पण 'हजर' म्हणतो तो नऊ नंबरच. इंजिनात बसून आपला नंबर ऐकणारा जो चिमुकला तुकडा असतो, त्याला डिकोडर म्हणतात. नखापेक्षा थोडा मोठा, आणि एका कडेला सुईच्या टोकांसारखे सहा पाय. ते इंजिनातल्या सहा भोकांत बसवायचे. पुष्पांजली आणि तिची मैत्रीण नीतू यांनी त्याचं नाव ठेवलं होतं कान.

त्याच सहा भोकांत दुसरा एक तुकडाही बसतो. तो काही ऐकत नाही, रुळातली वीज सरळ मोटारीत सोडून देतो. गाडी जुन्या पद्धतीने चालवायची असली तर तो उपयोगी. त्याचं नाव बहिरा. या टेबलावर मात्र बहिरा घातलेलं इंजिन जागच्या जागी थरथरायचं, गुणगुणायचं, आणि वेळेवर वीज बंद केली नाही तर जळून जायचं.

आज कानाच्या जागी बहिरा बसवलेला होता. डबीतला कान गेला, खोक्यातला कान गेला, असं नाही. इंजिन उघडून, कान उपटून, बहिरा बसवून, टोपी पुन्हा लावून कोणीतरी निघून गेलं होतं.

आणि सोमवारी आमगावच्या शाळेत भरणाऱ्या प्रदर्शनात हे इंजिन चालवून दाखवायचं होतं. असा कान गोंदियात मिळत नाही, नागपुरातही नाही. पुष्पांजलीच्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, एका मित्राच्या मुलाने तो परदेशातून पाठवला होता.

"आजी!" पुष्पांजली ओरडली. पण आधी धावत आले तिचे वडील.

२. शेवटी कोण होतं?

शालीकराम पटले धानाचा व्यापार करत. अंगणात पोती उतरवणं चालू होतं, अंगावर तूस उडालं होतं, आणि त्यांचा स्वभाव असा, की आधी आवाज चढायचा आणि मग विचार यायचा.

"शेवटी खोलीत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"काल सांजी आमी दोघी होतो. मंग मले आजीनं हाक मारली." पुष्पांजली अडखळली. "नीतू एकटी थांबली होती. टेबल झाकाले. पण बाबूजी..."

"पण-बिण कायले? मी तवाच म्हटलं होतं, लोकायच्या पोरी घरात कायले घेता!"

नीतू समोरच्या घरात राहायची. तिची आई कुंदाबाई घरी बसून विड्या वळायची, आणि नीतूची बोटंही त्याच कामात तयार झालेली. चिमट्याने कान बसवायचा तर तो नीतूनेच, असा नियमच झाला होता. सोमवारी शाळेत इंजिन तीच चालवणार होती.

शालीकराम गल्ली ओलांडून गेले. बायका सूप मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "कुंदाबाई, पोरीले म्हणा, नेलं ते वापस दे. पोलिसात नाई जात मी."

कुंदाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. "माह्या पोरीनं दुसऱ्याच्या अंगणातली चिंच नाई उचलली आजवर, भाऊ."

"चिंच उचलून काय भेटते!"

नीतू दारात उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त पुष्पांजलीकडे पाहिलं, आणि पुष्पांजलीला काही सुचलं नाही.

"झालं," कुंदाबाई म्हणाली. "पाहून घेतलं शिकून. आजपासून शाळा नाई अन् काई नाई. सूप घे अन् बस. विडीवाल्याची पोरगी विडीच वळते."

दार लागलं.

घरी परतताना पुष्पांजलीच्या लक्षात एक गोष्ट आली. तिची आजी, सुशिलाबाई, म्हणजे गल्लीतलं कोणतंही भांडण जिच्याशिवाय सुरू होत नाही. नीतूला ती रोज हाताने जेवू घालायची. आणि आज ती चुलीपाशी बसून राहिली होती. एक शब्द नाही. बाहेरसुद्धा आली नाही.

अंगणातल्या बाजेवर आबाजी बसले होते. दुधराम पटले, एकेकाळचे रेल्वेचे ड्रायव्हर. टेबल त्यांचं, इंजिन त्यांचं. हातातला कप बशीवर खडखड वाजत होता, चहा निम्मा बशीत. अलीकडे हाताला कापरं भरलं होतं. चहा संपवून त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि त्याची गाठ अंगठ्याने चोळत बसले.

"आबाजी, डिकोडर पाह्यला का तुमी? इंजिनातला?"

"कोणता डिकोडर?" त्यांनी खरोखरच विचारलं. मग तिच्याकडे बघून हसले. "मंगरू, सिग्नल भेटला का नाई अजून?"

मंगरू हा त्यांचा इंजिनावरचा सहायक. तो वारल्याला किती वर्षं झाली!

"गंमत करून राह्यले ते," आजी आतून घाईघाईने म्हणाली. "त्यायले त्रास नोको देऊ."

३. दोन दाणे

पुष्पांजली पुन्हा खोलीत गेली. चोर सापडो न सापडो, नीतू चोर नाही एवढं तिला ठाऊक होतं. पण 'ठाऊक आहे' म्हणून भागत नाही. दाखवता यायला हवं.

तिने टेबलाला डोळा लावला. इंजिन तिने उचललं होतं त्या जागी, रुळावर, दोन धानाचे दाणे पडलेले. सकाळी ते चाकाशीच होते का? तिने आठवून पाहिलं. होते. इंजिन उचलताना काहीतरी अडखळलं होतं. एक दाणा चाकाच्या पुढे, एक मागे, दोन्हींची टोकं चाकाखाली रुतलेली.

धान! धान ज्याच्या अंगाखांद्यावर असतं, असा घरात एकच माणूस होता.

आपल्याच बापाला विचारायचं, हे सोपं नसतं. पण तिने विचारलं.

"बाबूजी, तुमी काल खोलीत गेले होते का?"

"गेलो होतो मंग. माप घ्याले." शालीकराम पोत्याचं तोंड शिवत होते. "पाऊस सुरू झाला की पोते कोठं ठेवू? तुह्या डोक्यावर?"

"इंजिनाले हात लावला?"

सुई थांबली. "मलेच विचारून राह्यली का तू?"

"सगळ्यायलेच विचारतो मी. नीतूले तुमी विचारलं, तुमाले मी."

शालीकराम सुई पोत्यात खोचून तिच्याकडे वळले. मग, का कोण जाणे, हसले. "आण ते इंजिन. मले ते उघडतेच कसं ते दाखव."

"तुमीच उघडा."

त्यांनी इंजिन हातात घेतलं, दोन्ही अंगठे समोरच्या, धक्के झेलणाऱ्या बफरांवर रोवले आणि नारळ सोलावा तसा जोर लावला. पुष्पांजलीने किंचाळत ते हिसकावून घेतलं. टोपी दोन्ही कुशींत नखाने हलकेच दाबून निघते. हे त्यांना स्वप्नातही ठाऊक नव्हतं.

"उंदरानं आणले असतील दाणे," ते म्हणाले. "घरभर सांडले हायेत."

बाबूजी सुटले. पण उंदीर? उंदीर दाणा खातो, कुरतडतो, फोल टाकून जातो. हे दाणे अख्खे होते. आणि एक पुढे, एक मागे, असे मोजून मांडल्यासारखे?

४. तिघांतला एक

कुंदाबाई पान आणायला बाहेर पडली, तशी पुष्पांजली नीतूच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीपलीकडे नीतू विड्यांना दोरा गुंडाळत होती.

"नीतू."

"जा ना. चोरासंगं कायले बोलतं?"

"मी काईच नाई बोलली सकाळी. चुकलं माह्यं."

नीतूने हातातल्या विडीचा दोरा तोडला. मग नीतू म्हणाली, "मी नेला असता ना पुष्पे, तर बहिरा कायले बसवला असता? भोकं रिकामीच सोडली असती. चोर का मागून दार लोटून घेते?"

"तेच म्हणतो मी."

"अन् बहिरा सरका होता का उलटा?"

"सरका. गुणगुण आली ना."

"मंग ईश्वरदास अंकल नाई."

दोघींना एकदमच हसू आलं. ईश्वरदासचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आबाजींच्या इंजिनावर त्यांचा कधीचा डोळा होता. मागे एकदा कान त्यांनी बसवला होता, तोही उलटा. सहा पाय दोन्ही बाजूंनी भोकांत जातात, त्यामुळे चूक कळत नाही. उलटा बसवला की मोटारीच्या तारा दिव्याला लागतात आणि दिव्याच्या मोटारीला. ईश्वरदास वेग वाढवत होते, इंजिन जागचं हलत नव्हतं, आणि पुढचा दिवा मात्र वेगाबरोबर अधिकाधिक झगझगत होता. "देखो देखो," ते खुशीत म्हणाले होते, "हेडलाइट तो एकदम फर्स्ट क्लास!" बहिराही उलटा बसला तर मोटारीला वीजच पोचत नाही, म्हणजे गुणगुणही नाही.

हसता हसता नीतू थांबली. "पण पुष्पे, मंग उरलं कोण? ज्याले बहिरा सरका बसवता येते असे आपुन तिघंच. तू, मी अन् आबाजी. आबाजीच्या हातात कप ठरत नाई. तू नाई नेला."

तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"म्हणजे सगळे म्हणतील, मीच."

ज्या गुणगुणीने ईश्वरदास सुटले, तीच आता नीतूच्या गळ्यात पडली होती. आणि ओसरीच्या बाजूने कुंदाबाईची पावलं वाजत होती.

५. पुलावरून

तरी पुष्पांजली सायकलने गोंदियाला गेली. ईश्वरदासना इंजिन हवं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःला जमत नसेल तर त्यांनी दुसऱ्याकडून काढवून घेतला नसेल कशावरून?

दुकानात ईश्वरदास भिंगातून एका मोबाईलच्या पोटात बघत होते.

"अरे बेटा," सगळं ऐकून ते म्हणाले, "मेरेको लेना है तो पूरा टेबल लेना है. एक कान लेके मैं क्या करूँ? कान के बिना इंजन का भाव गिरता है. अपने ही माल को कौन बिगाडता है?"

"अपने ही माल को?"

ईश्वरदासनी भिंग खाली ठेवलं. "तेरेको बताया नहीं? सोमवार के बाद टेबल मेरा. तेरे बाबूजीने हाँ बोल दिया."

पुष्पांजलीने विचारलं, "आबाजीले... आबाजी को मालूम है?"

"मैंने ही बताया, कल दोपहर को. बोला, दादाजी, फिकर मत करो, अब गाडी का चार्ज हमको दे दो. वो कुछ नहीं बोले. बस उठके बैठ गए, एकदम सीधे."

ती सायकल हाताने ढकलत निघाली. टेबल जाणार. नीतूची शाळा जाणार. कान तर गेलाच होता. रेल्वेच्या पुलावर ती थांबली आणि कठड्याला टेकून खाली बघत राहिली. रोज बघते तसंच यार्ड. बाजूच्या रुळावर एक इंजिन एकटंच उभं होतं. आत माणूस नाही, दिवा नाही. कधीतरी नवा ड्रायव्हर येईल आणि ते घेऊन जाईल.

तिचं लक्ष त्याच्या चाकाकडे गेलं.

चाकाच्या पुढे लाकडाचा एक पाचरीसारखा गुटका. चाकाच्या मागे दुसरा. सोडून गेलेलं इंजिन उतारावरून आपोआप घरंगळू नये म्हणून.

एक पुढे, एक मागे.

पुष्पांजलीने कठडा घट्ट धरला. शुक्रवारी संध्याकाळी आबाजींनी दोघींना गोष्टी सांगितल्या होत्या. धुक्यात सिग्नल कसा शोधायचा. बोगीचा आवाज ऐकून चाक बिघडलेलं कसं ओळखायचं. आणि एक तिसरी. इंजिनात एक दांडा असतो, गाडी पुढे न्यायची की मागे ते त्यावर ठरतं. ड्रायव्हर उतरताना तो दांडा काढून घेतो. तो नसेल तर इंजिन कोणालाही हलवता येत नाही. "तो खाली ठेवाचा नाई," आबाजी म्हणाले होते, "टेबलावर ठेवाचा नाई, खिडकीत ठेवाचा नाई. पुढला ड्रायव्हर येईल, त्याच्या हातात द्याचा. हातातून हातात. मी नोकरीभर एकदा चुकलो नाई."

आता तुम्हीही थोडं थांबा. हे पान बोटाने झाका आणि मनात सगळं जुळवून पाहा. चोर भोक झाकत नाही. उंदीर दाणा मांडत नाही. मग इंजिन नीट बंद करून, चाकाला गुटके लावून, त्याला हलता येणार नाही अशी तजवीज करून कोण जातं?

जुळलं? पुष्पांजलीचंही जुळलं. आणि जुळल्यावर तिला आनंद झाला नाही. ती सायकलवर बसली, आणि घरापर्यंत तिला वाटत राहिलं की आपलं चुकत असावं.

६. आजीचं गप्प

आजी परसात भांडी घासत होती. पुष्पांजली तिच्यासमोर बसली.

"आजी, सकाळपासून तू गप. रातच्याले खोलीत आबाजी गेले होते ना?"

आजीने भांडं बाजूला ठेवलं.

"काऊन नाई सांगितलं?"

"मी का पाह्यलं होतं ते काय करून राह्यले होते?" आजी म्हणाली. मग आवाज खाली आणला. "पहाटे ड्युटीची काळी टोपी घालून खोलीतून निघाले. मी म्हटलं, कोठं गेले होते? तर म्हणे, गाडी लावून आलो, आता आराम. अन् झोपले. मंग तू वरडली. तवा मले समजलं."

"मंग नीतू..."

"तुह्या बापानं म्हटलं हाय, आता यायनं काई हरवलं, काई विसरलं, तर खोली बंद, अन् यायले नागपूरच्या दवाखान्यात ठेवतो. तेथं हे कोणाले वळखतील वो? मले नाई वळखत कधी कधी."

"आबाजीले वाचवाले तू नीतूले बुडवलं, आजी."

हे बोलताना पुष्पांजलीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो लागला. आजीने राखेचा हात कपाळाला लावला आणि मान खाली घातली.

"कोठं ठेवला त्यायनं, तेही मी शोधून पाह्यलं," ती म्हणाली. "कोटाचे खिसे, पेटी, उशी. नाई भेटला. विचारलं तर म्हणतात, कोणता डिकोडर."

कोणता डिकोडर. सकाळी पुष्पांजलीलाही ते हेच म्हणाले होते, आणि खोटं बोलले नव्हते. त्यांच्याकडे डिकोडर नव्हताच. त्यांच्याकडे होता तो इंजिनाचा दांडा, पुढल्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. प्रश्न चुकीचा होता. आणि विचारणाराही चुकीचा होता.

ती उठली, तोंड धुतलं, केस मागे घट्ट बांधले.

७. हातातून हातात

अंगणात ऊन उतरलं होतं. आबाजी बाजेवर पडले होते, दुपट्टा छातीवर. पोत्यांपाशी शालीकराम हिशेब करत उभे होते. परसाच्या दारात आजी येऊन थांबली.

पुष्पांजली बाजेसमोर ताठ उभी राहिली. नात म्हणून नाही, मंगरू म्हणूनही नाही. तिने पुरुषासारखा आवाज काढला नाही की काही नाटक केलं नाही. एवढंच म्हणाली,

"दुधरामजी, रामराम. पुढला ड्रायव्हर आलो. चार्ज द्या."

शालीकरामनी वर पाहिलं. "हे काय चालवून राह्यली..."

"गप, शालीक," आजी म्हणाली. दिवसभरात तिचा पहिला चढा शब्द.

आबाजी उठून बसले. पाय जमिनीला टेकवले. पाठ सरळ झाली. त्यांनी पुष्पांजलीला नखशिखांत न्याहाळलं, नवा माणूस पारखावा तसं.

"उशीर केला गड्या," ते म्हणाले. "दुपारीच चार्ज मागून गेला होता ना."

"लाइन मोकळी भेटली नाई."

"हं. होते असं." त्यांनी मान डोलावली. "ब्रेक बराबर हाय. बत्ती बराबर. पुढच्या चाकाले दोन्हीकून गुटके लावले हायेत. काढल्याबिगर हलवजो नोको."

पोत्यांपाशी काहीतरी खाली पडलं. शालीकराम ते उचलायला वाकले नाहीत.

आबाजींनी दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि गाठ सोडायला लागले. पुष्पांजली त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. चहाचा कप खडखडवणारी ती बोटं. आता त्यांना कापरं नव्हतं. गाठ बारीक होती, नीट मारलेली. ती सुटली. आत कागदाच्या घडीत, सहाही पाय शाबूत, कान होता. दिवसभर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर होता.

"हात पुढे कर," आबाजी म्हणाले. "खाली नाई ठेवाचा."

"मालूम हाय."

त्यांनी तो तिच्या तळव्यावर ठेवला, तिची बोटं मिटवली, आणि आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ क्षणभर धरून ठेवली. मग हात सोडले. ते सोडल्याबरोबर त्यांची पाठ पुन्हा वाकली.

"मंगरूले सांगजो, मी घरी गेलो म्हणून," ते म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

शालीकराम पोत्यावर बसले होते. "पोरी," एवढंच निघालं. मग घसा साफ करून, "आण इकडं. मी ठेवतो कपाटात. कुलूप लावून."

पुष्पांजलीने मूठ उघडली नाही. "नाई बाबूजी. खाली ठेवाचा नाई हा."

ती फाटकातून बाहेर पडली. मागे आजीच्या चपलांचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, जड पावलांचा दुसराही. तिने वळून पाहिलं नाही. ओसरीवर सकाळच्याच बायका बसल्या होत्या, मांडीवर तीच सुपं, आणि त्यांच्यामध्ये नीतू, मान खाली घालून दोरा गुंडाळणारी.

जेवढ्या मोठ्याने सकाळी बोललं गेलं होतं, तेवढ्याच मोठ्याने पुष्पांजली बोलली.

"कुंदाकाकू, चोरी झालीच नव्हती. आमच्या आबाजीनं ड्युटी संपल्यावर नियमानं काढून सांभाळून ठेवला होता. ते विसरतात आता. पण आमी त्यायले सरकं विचारलंच नाई, अन् नीतूवर घातलं. चुकलं आमचं. आमच्या घराचं."

हातातली पानं थांबली. कुंदाबाईने पुष्पांजलीच्या मागे उभ्या राहिलेल्या आजीकडे आणि शालीकरामकडे पाहिलं, आणि नीतूपुढचं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"नीतू," पुष्पांजली म्हणाली, "सोमवारची गाडी तुह्यी हाय. हात पुढं कर."

नीतूचा हात तंबाखूने माखला होता. तिने तो ओढणीला पुसला, पुन्हा पुसला, आणि हळूच पुढे केला.

पुष्पांजलीने आपली मूठ तिच्या तळव्यावर टेकवली, तेव्हा कुठे उघडली. आणि नीतूची बोटं एकेक करून मिटवली.